गोजरामायचा खल

हातातलं काम जरा बाजूला ठेवा. निरांजन तेवतंय तोवर बसा. लेकरांनो, तुम्हीही पुढं या. आणि दाराशी घुटमळणाऱ्या पुरुषमाणसांनो, तुम्हीही आत या, कारण ही कहाणी काही नुसत्या बायकांची नाही. दरामायला हात जोडा, गोजरामायचं नाव घ्या आणि ऐका.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत साकुरदरा नावाचं गाव होतं. डोंगरावर दरामायचं ठाणं, ठाण्याच्या पायथ्याशी झरा आणि झऱ्याच्या खाली गाव. गाव लहान, पण नेमाधर्माचं. कुठल्या वारी काय शिजवावं, कुणाच्या घरी आधी हळद-कुंकू न्यावं, सगळं ठरलेलं. तसाच तिथं एक नेम आजारपणाचा होता.

गावात वैद्याचं घराणं होतं. वैद्यबुवांकडे काळ्या दगडाचे खल होते, आज्या-पणज्याच्या हातचे. कुणी आजारी पडलं की वैद्यबुवा खल घेऊन घरी यायचे, औषध घोटायचे आणि खल त्याच घराच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून जायचे. माणूस उठून हिंडूफिरू लागलं की घरची बाई खलात गूळ भरायची आणि तो वैद्याघरी पोचता करायची. पण उपाय चालेनासा झाला, तर वैद्यबुवा एक शब्द बोलायचे नाहीत. देवळीतला खल उचलायचे, उंबऱ्यावर पालथा घालायचे आणि मागं न बघता निघून जायचे.

खल पालथा पडला की घर बदलायचं. आजाऱ्याचं अंथरूण माजघरातून उचलून मागच्या पडवीत न्यायचे आणि मधलं दार ओढून घ्यायचे. पाणी द्यायचे, पेज द्यायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. लेकरांना फिरकू द्यायचे नाहीत. त्याने हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. तुम्ही म्हणाल, कसली ही दगडाची माणसं! तसं नव्हतं गं. ओ दिली तर जीव मायेत अडकतो, सुटता सुटत नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. माणूस सुखानं जावं म्हणूनच सगळे दाराच्या अलीकडे तोंडात पदर कोंबून बसायचे. आणि पलीकडचं माणूस हाका मारत मारत एकटं संपायचं.

अशा त्या गावात तुळसाबाई नावाची एक बाई राहायची. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा राणोजी, त्याची बायको गोजरा आणि त्यांची लहान लेकरं. गोजरा घाटाखालच्या गावची, बोलायला कमी, पण एकदा मनात धरलं की सोडायची नाही. तुळसाबाई तिला उठता-बसता टोचायची. "भाकरी थापलीस की नकाशा काढलास गं? कुठल्या मुलखाचा आहे?" गोजरा खाली मान घालून हसायची आणि पुढची भाकरी गोल थापायची. ती गोल झाली की तुळसाबाई म्हणायची, "चुकून जमली."

पुढं काय झालं, तुळसाबाईच्या पोटात गाठ धरली. अन्न जाईना, अंग खंगत चाललं. वैद्यबुवांनी लेप दिले, काढे दिले, चूर्णं दिली. गोजरानं एकही मात्रा चुकवली नाही. पण गाठ वाढतच राहिली. आणि एका सकाळी वैद्यबुवांनी नाडी बघितली, हात मागं घेतला, उठले, देवळीतला खल उंबऱ्यावर पालथा घातला आणि निघून गेले.

राणोजी भिंतीला टेकून बसला. मग उठला आणि पडवी झाडायला गेला, कारण नेम तसा होता.

गोजरा सासूच्या उशाशी होती. पडवीत खराट्याचा आवाज झाला आणि तुळसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"गोजरे, मला तिकडं नेऊ नका गं."

उभ्या जन्मात तुळसाबाईनं कुणापुढं तोंड वेंगाडलं नव्हतं. गोजरा दचकलीच.

"आत्याबाई, तुम्ही शांत पडा."

"ऐक आधी. राणोजीचा बाप त्याच पडवीत गेला. मी ह्या दाराला पाठ लावून बसले होते. तो आतून हाका मारत होता. तुळसे, तुळसे. पाणी नको होतं त्याला, काहीच नको होतं. मी आहे का, एवढंच बघत होता. आणि मी ओ दिली नाही. त्याच्या भल्यासाठी दिली नाही गं. पण ती हाक अजून माझ्या कानात आहे. आता मी तिथं पडून हाका मारीन, आणि तू दाराला पाठ लावून बसशील."

गोजरा उठली. उंबऱ्यापाशी गेली. पालथ्या खलाला आजवर वैद्यावाचून कुणी हात लावला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, उताणा केला, पदरानं पुसला आणि पुन्हा देवळीत ठेवला.

त्या क्षणी खल घंटेसारखा वाजला, असं म्हणतात. दगडाचा खल, वर बत्ता नाही, कुणाचा धक्का नाही, पण त्याचा नाद झऱ्यापर्यंत गेला.

खराटा थांबला. राणोजी दारात येऊन उभा राहिला. "हे काय केलंस तू? गाव काय म्हणेल?"

"आत्याबाई माजघरातच राहतील," गोजरा म्हणाली.

"मला आईही हवी आणि गावही हवं, गोजरा."

"गाव उद्याही असेल, धनी. आई नसेल."

गावाला कळायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत गावचे कारभारी अंगणात आले. त्यांनी समजावलं, दटावलं. म्हणाले, "असा खल फिरवलास तर दरामाय कोपेल. वैद्याच्या हाताचं यश जाईल. मग पुढं ज्याच्या घरी आजारपण येईल, त्यानं कुणाकडं बघायचं?" गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "दरामायला मी विचारून येते." कारभारी म्हणाले, "ती काय सांगायची ते सांगेल. तोवर ह्या घराला गावानं विस्तव देऊ नये, आणि ह्यांच्या अंगणात कुणी पाऊल टाकू नये."

गोजरा खरंच डोंगर चढून गेली. अनवाणी गेली. ठाण्यापुढं तिनं खण ठेवला आणि हात जोडले.

"माय, मी त्यांचं आयुष्य वाढवून मागत नाही. ते तुझ्या हाती. पण माझ्या हाती आहे तेवढा वसा घेते. त्यांच्या शेवटच्या श्वासापर्यंत माझ्या घरात खल पालथा पडणार नाही. हाक आली की ओ जाईल. हा वसा मोडला तर तुझ्या पायरीवर मला उभं करू नकोस."

वसा घेऊन ती खाली उतरली, तर झऱ्यावर एक म्हातारी काटक्यांचा भारा टेकवून पाय धूत बसली होती. म्हातारीच्या कपाळावर आडवं कुंकू होतं, आणि पाय मात्र लहान पोरीसारखे कोवळे.

"कोण आजारी आहे गं?" म्हातारीनं विचारलं.

"सासू."

"तिला काय हवंय?"

"बरं वाटावं म्हणून मी सगळं केलं, पण..."

"तू काय केलंस ते नाही विचारलं. तिला काय हवंय?"

गोजरानं मान खाली घातली. राणोजीला काय हवं ते तिला ठाऊक होतं, गावाला काय हवं तेही ठाऊक होतं. स्वतःच्या मनातलं तर ठाऊक होतंच. पण एवढे काढे-लेप झाले, त्यात सासूला कुणीच काही विचारलं नव्हतं. तिनं वर बघितलं तर म्हातारी नव्हती, भारा नव्हता. झऱ्यावर नुसते तरंग. ती दरामायच होती, असं म्हणतात.

घरी आल्याबरोबर गोजरानं सासूजवळ बसून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला काय हवंय?"

तुळसाबाई घामानं भिजली होती. दात आवळून म्हणाली, "आधी पोटातला हा वणवा विझव. मग बाकीचं सांगते. बाकीचं पुष्कळ आहे."

आता वणवा विझवायचा कसा? औषध होतं, पण ते वैद्यबुवांच्या कपाटात. गोजरानं देवळीतला खल उचलला, छातीशी धरला आणि वैद्यांच्या अंगणात जाऊन बसली. ऊन तापलेलं. कुणी तिला सावलीत बोलावलं नाही, तिनं मागितली नाही. वैद्यबुवा आत येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते ओसरीवर आले.

"पोरी, का छळतेस? खल पालथा घातल्यावर त्या उंबऱ्यात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, हा माझ्या आज्याचा नेम. तुझी सासू बरी व्हायची नाही."

"मी बरी करा म्हणत नाही, बुवा. दुखणं थांबवा म्हणते."

"त्यानं काय होणार? आजार जाणार आहे का?"

"पाऊस काही आपल्याच्यानं थांबत नाही," गोजरा म्हणाली, "म्हणून आपण घोंगडी घ्यायची सोडतो का?"

वैद्यबुवा मग ओसरीच्या कडेला बसलेच. हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या आज्यानं मागं न बघायचा नेम का केला असेल, ते मला आज कळलं असं नाही, पहिल्यापासून ठाऊक आहे. त्याला बघवत नव्हतं. मलाही बघवत नाही. आमच्या हाताला यश नाही आलं की आम्हाला पळून जावंसं वाटतं. औषध आहे माझ्याकडं. अफूचा अर्क आहे, वेदना निजवणारा. पण तो बेतानं द्यावा लागतो, रोज बघून द्यावा लागतो. म्हणजे मला रोज यावं लागेल."

"या की मग," गोजरा म्हणाली. "आत्याबाई शिव्या देतील, तेवढ्या ऐकायच्या."

वैद्यबुवांना हसू आलं. पिशवी घेऊन ते उठले. गल्लीतल्या सगळ्या दारांतून माणसं बघत होती. बघता बघता वैद्यबुवांनी तो उंबरा पुन्हा ओलांडला. साकुरदऱ्यात असं कधी घडलं नव्हतं.

तुळसाबाईनं डोळे उघडले. "काय बुवा, मी मेले का नाही ते बघायला आलात?"

"नाही हो. तुमचं दुखणं बघायला आलो."

"मग उशीर केलात."

त्यांनी खलात औषध घोटलं, मधाच्या बोटानं दिलं. सूर्य डोंगराला टेकेस्तोवर तुळसाबाईच्या कपाळावरची आठी सैल झाली होती. पुष्कळ दिवसांनी तिनं पाय लांब केले आणि म्हणाली, "गोजरे, ये इकडं. आता बाकीचं सांगते."

मग तिनं काय काय सांगितलं, ऐका. म्हणाली, माझं अंथरूण चुलीसमोर घाल, म्हणजे तुझ्या भाकरीवर माझं लक्ष राहील. म्हणाली, माझ्या केसांच्या जटा झाल्यात, तेल लावून विंचर. म्हणाली, अंबाडीची भाजी कर, वरून लसणाची फोडणी दे, गिळवली नाही तरी वास तर घेईन. म्हणाली, नातवंडांना माझ्यापुढं खेळू दे, मी काही वाघ नाही. आणि म्हणाली, राणोजीला माझ्याजवळ बसव. तो रडेल. रडू दे.

गोजरानं सगळं केलं. विस्तव बंद होता, तर तिनं चुलीतला निखारा राखेत पुरून जपला, विझू दिला नाही. सासूची कूस ती वरचेवर बदलायची. पाठ लाल झाली की लोणी चोळायची. ओठ कोरडे पडले की झऱ्याच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं टेकवायची. राणोजी पहिल्यांदा लांबच बसला. मग आईच्या पायाशी आला. मग तिचे पाय मांडीवर घेऊन बसला, आणि खूप रडला. तुळसाबाई म्हणाली, "लहानपणीही असाच रडायचास, नाक न पुसता," आणि आपल्या पदरानं तिनं त्याचं नाक पुसलं.

शेजारी ठकूबाई राहायची. गावचा हुकूम मोडायची तिची छाती नव्हती, पण कुतूहल भारी. ती कुडाच्या फटीतून बघत होती. आत तुळसाबाई सुनेला सांगत होती, "भाकरी उलट, जळली बघ! मी मेल्यावर ह्या घराला काळी भाकरीच खायची आहे म्हणा." आणि मग कुडाकडं तोंड करून म्हणाली, "ठके, फटीला डोळा लावलास तर डोळ्यात काडी जाईल. आत ये, नाहीतर घरी जा."

ठकूबाईला हसू फुटलं. गोजराला फुटलं. राणोजीला फुटलं. नातवंडं, सगळे का हसतायत ते न कळताच, हसली. आणि जिथं वैद्यानं खल पालथा घातला होता, त्या घरातून हसण्याचा आवाज गल्लीभर गेला.

बायकांनो, गाव तिथंच हललं. असं हसू कुणी ऐकलंच नव्हतं. जो तो आपापल्या घरातल्या बंद पडवीकडे बघू लागला. दुसऱ्या दिवशी ठकूबाई जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ घेऊन उघड उघड आली. तिच्यामागून कुणी तूप आणलं, कुणी विस्तव आणला. एक बाई गोजराला म्हणाली, "तू जरा पाठ टेक, मी बसते." गोजरा किती दिवसांनी निजली, तिचं तिलाच आठवेना. कारभारी आले ते सगळ्यात शेवटी. ते तुळसाबाईच्या उशाशी बसले आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "वहिनी, काय हवंय?" तुळसाबाई म्हणाली, "पागोटं नीट बांधा. वाकडं झालंय."

औषधानं वणवा निजला होता, पण दिवा तर विझत चाललाच होता. गोजराला ते कळत होतं. तुळसाबाईलाही कळत होतं. एकदा केस विंचरून घेताना ती म्हणाली, "गोजरे, चुकून नाही गं. तुझ्या भाकऱ्या पहिल्यापासून चांगल्या होत्या." गोजराच्या हातातली फणी थांबली. मग ती पुन्हा विंचरू लागली.

आणि एका सकाळी, अंगणात सडा पडला होता, चुलीवर दूध तापत होतं, तुळसाबाईचं डोकं गोजराच्या मांडीवर होतं, पाय राणोजीच्या मांडीवर. वैद्यबुवा बाजूला बसून होते. तुळसाबाईनं पडवीच्या दाराकडे मान वळवली. कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

"हाक मारतोय," ती म्हणाली.

कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. पण गोजराला कळलं. ती सासूच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ओ द्या, आत्याबाई. आता द्या."

तुळसाबाईनं उरलंसुरलं बळ गोळा केलं. "ओ," ती म्हणाली. "आले. आले हो."

आणि गेली. अशी गेली, की गोजराच्या मांडीला भार कमी झालेला कळला नाही.

त्याच घटकेला त्या घरातल्या पडवीचं दार आपोआप उघडलं, असं म्हणतात. नुसतं त्याच घराचं नाही, गावातल्या झाडून सगळ्या पडव्यांची दारं उघडली. ज्यांच्या ज्यांच्या हाका तिथं अडकून राहिल्या होत्या, त्या वाऱ्यासारख्या बाहेर पडल्या. घराघरांत म्हाताऱ्या बाया, बापे, हातातलं काम टाकून उभे राहिले. कुणी म्हणालं, ओ दादा. कुणी म्हणालं, ओ आई. सगळं गाव रडत होतं आणि ओ देत होतं. मग दऱ्यात गार वारा सुटला, आणि दरामायचा कोप होईल म्हणून भ्यालेल्यांना कळलं, की माय कोपली नाही. ती तर कधीची वाट बघत होती.

वसा तिथं पुरा झाला, पण गोजरानं तो खाली ठेवला नाही. जिथं वैद्यबुवांचा उपाय चालेनासा व्हायचा, तिथं ती खल घेऊन जायची. वैद्यबुवा दुखणं निजवायचे, ती उशाशी बसून विचारायची, काय हवंय. कुणाला नदी बघायची असायची. कुणाला भांडलेल्या भावाशी बोलायचं असायचं. कुणाला काहीच नको असायचं, नुसतं कुणीतरी हवं असायचं. आल्या-गेल्याला ती गोजरामाय झाली. तिच्या खलात घोटलेलं औषध कधी कमी पडलं नाही, असं म्हणतात. आणि ती जिथं बसायची तिथं मरणसुद्धा चपला काढून यायचं, असंही म्हणतात.

ती स्वतः म्हातारी झाली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळं गाव पाळीपाळीनं तिच्याकडं आलं. सगळ्यांनी विचारलं, गोजरामाय, काय हवंय? ती म्हणाली, "खल उताणा आहे ना? मग झालं." अंगणात एक म्हातारी काटक्यांचा भारा टेकवून उभी राहिली होती. तिनं हाक मारली, "गोजरा, चल." गोजरामायनं ओ दिली. डोंगराच्या वाटेनं दोघी बोलत बोलत वर जाताना गुराख्यांनी बघितल्या, आणि दोघींचेही पाय लहान पोरीसारखे कोवळे होते, असं म्हणतात.

तो काळा खल आजही साकुरदऱ्यात दरामायच्या ठाण्यात आहे. तो पूजेचा आहे, पण कुलुपात नाही. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर जेव्हा म्हणतात, आता घरी न्या, तेव्हा त्या घरचं माणूस आधी ठाण्यात जातं आणि खल घेऊन येतं. तो माजघरात, आजाऱ्याला दिसेल असा, उताणा ठेवतात. मग गावाला सांगावं लागत नाही. कुणी मऊ भात आणून देतं, कुणी घरच्या माणसाला झोपायला पाठवून स्वतः उशाशी बसतं, कुणी लेकरांना शाळेत सोडतं. तालुक्याहून नर्सबाई येतात, दुखणं थांबवायचं औषध आणतात, पाठीच्या जखमा धुतात, आणि आपली पिशवी त्या खलाशेजारीच ठेवतात. येणारं प्रत्येक माणूस आधी एकच विचारतं, "काय हवंय?" आणि उत्तर येईस्तोवर थांबतं.

साकुरदऱ्यात आता पडव्या आहेत, त्यात लाकडं ठेवतात, कोंबड्या झाकतात. पण पडवीला दार मात्र कुणी बसवत नाही.

आणि श्रावणातल्या शेवटच्या बुधवारी बायका गोजरामायचा वसा घेतात. त्याला उपास लागत नाही, पक्वान्न लागत नाही. अंगणात सडा घालावा, चुलीतल्या निखाऱ्याला नमस्कार करावा, आणि ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय तिथं जाऊन बसावं. सल्ला देऊ नये. घाई करू नये. केस विंचरावेत, पाय चेपावेत, शिव्या दिल्या तर हसून घ्याव्यात. उठताना त्या माणसाचं नाव घेऊन हाक मारावी आणि त्यानं मारलेल्या हाकेला ओ द्यावी.

जशी तुळसाबाईला माय पावली, तशी तुम्हाला पावो, मला पावो, आजाऱ्याला पावो आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्यालाही पावो. कहाणी माझी इथं टेकली. आता निरांजन सारखं करा, आणि आतल्या खोलीतून हाक येतेय बघा, आधी ओ द्या.